मॅकवर लिबरऑफिस : मराठी लिखाणासाठी पहिल्यापासून नीट मांडणी

मॅकवर लिबरऑफिस वापरणाऱ्या मराठी लोकांची एक तक्रार हमखास ऐकू येते. फॉन्ट निवडला तरी मराठी अक्षरं बदलत नाहीत. आकार वाढवला की इंग्रजी शब्द मोठे होतात आणि मराठी आहे तिथेच राहतं. वैतागून माणूस दुसऱ्या सॉफ्टवेअरकडे वळतो. खरं तर हा सगळा त्रास सुरुवातीला न लावलेल्या दोन-तीन सेटिंग्जचा असतो. त्या एकदा लावल्या की हे मोफत ऑफिस मराठीत पुस्तक लिहायलाही पुरेसं पडतं. म्हणून या लेखात इन्स्टॉल करणं थोडक्यात उरकतो आणि देवनागरीच्या मांडणीवर जास्त वेळ देतो.

आधी थोडा इतिहास, कारण इंटरनेटवर मॅकसाठीचे जुने सल्ले अजून फिरत असतात आणि त्यांनी गोंधळ उडतो. लिबरऑफिसचं पूर्वज असलेलं मोफत ओपनऑफिस.ऑर्ग मॅकवर यायचं, पण अनेक वर्षं त्याला एक्स११ नावाची वेगळी व्यवस्था लागायची. मेनू मॅकसारखे दिसायचे नाहीत, फॉन्टचीही अडचण व्हायची. ती उणीव भरून काढायला निओऑफिस तयार झालं. तेच ओपनऑफिस, पण मॅकच्या मेनूपट्टीत आणि मॅकच्या रीतीने चालणारं. ऑक्टोबर २००८ मध्ये ओपनऑफिस ३.० थेट मॅकवर चालायला लागलं. २०१० मध्ये त्याच कोडमधून लिबरऑफिस वेगळं निघालं आणि द डॉक्युमेंट फाउंडेशन ते सांभाळू लागलं. निओऑफिसचं काम आता थांबलेलं आहे. तेव्हा कुठे ‘मॅकसाठी निओऑफिस घ्या’ असा सल्ला दिसला तर तो जुना समजा आणि सरळ लिबरऑफिस घ्या.

डाउनलोड आणि इन्स्टॉल

सफरचंदाच्या मेनूतून ‘अबाउट धिस मॅक’ उघडा. तिथे एम१, एम२ अशी ॲपलची चिप दिसते की इंटेल, ते बघून ठेवा. लिबरऑफिसच्या अधिकृत संकेतस्थळावर मॅकसाठी दोन वेगळ्या फायली असतात, एक ॲपल सिलिकॉनसाठी आणि एक इंटेलसाठी. ॲपलच्या चिपवर चुकून इंटेलची फाइल टाकली तर ती रोझेटा या ॲपलच्या रूपांतर करणाऱ्या सोयीमार्फत चालते खरी, पण विनाकारण जड वाटते. पुढे जावा (काही सोयींना लागणारं वेगळं सॉफ्टवेअर) जोडायची वेळ आली की तिथेही घोळ होतो. म्हणून नेमकी फाइलच घ्या.

उतरलेली डीएमजी फाइल उघडा आणि लिबरऑफिसचं चिन्ह ॲप्लिकेशन्सच्या फोल्डरवर ओढून टाका. मग डीएमजी बाहेर काढा आणि लिबरऑफिस ॲप्लिकेशन्समधूनच उघडा. डीएमजीच्या खिडकीतूनच रोज चालवणारे लोक मी पाहिले आहेत. तसं केलं तर अपडेट आणि भाषापॅक दोन्ही नीट बसत नाहीत.

मेनू मराठीत हवे असतील तर भाषापॅक वेगळा उतरवावा लागतो. त्यात क्रम महत्त्वाचा आहे. आधी लिबरऑफिस एकदा उघडायचं, पूर्ण बंद करायचं आणि मगच भाषापॅक चालवायचा. मॅकने तो अडवला तर सिस्टिम सेटिंग्जमधल्या ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’ या पानावर खाली जाऊन परवानगी द्या. या लेखात मी इंग्रजी मेनूंचीच नावं वापरली आहेत, कारण अडचण शोधताना बहुतेक माहिती त्याच नावांनी सापडते.

आवृत्तीच्या आकड्यांनी घाबरून जाऊ नका. २०२४ पासून ते वर्ष आणि महिन्यावरून देतात. २४.२ म्हणजे फेब्रुवारी २०२४ आणि २४.८ म्हणजे ऑगस्ट २०२४. मोठी आवृत्ती वर्षातून दोनदा येते. ज्यांचं रोजचं काम यावर चालतं त्यांनी नवी आवृत्ती आल्या दिवशी न घेता तिच्या एक-दोन दुरुस्त्या येऊ द्याव्यात.

देवनागरीसाठीचं मुख्य सेटिंग

लिबरऑफिस जगातल्या लिप्यांचे तीन गट करतं. पाश्चात्त्य, आशियाई (यात चिनी, जपानी, कोरियन येतात) आणि कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट, म्हणजे सीटीएल. देवनागरी या तिसऱ्या गटात येते. प्रत्येक गटाचा फॉन्ट, आकार, ठळकपणा आणि भाषा स्वतंत्रपणे नोंदली जाते. त्यामुळे कोऱ्या पानावर फॉन्ट निवडून मराठी टाइप करायला लागलात की तुमची निवड पाश्चात्त्य गटाच्या खात्यात जमा झालेली असते आणि मराठी मजकूर सीटीएलच्या खात्यातला फॉन्ट उचलतो. लेखाच्या सुरुवातीची तक्रार इथून येते.

उपाय असा. लिबरऑफिस उघडून कमांड आणि स्वल्पविराम या कळा एकत्र दाबा. सेटिंग्जची खिडकी उघडते. मॅकवर ही खिडकी टूल्सच्या मेनूत नसते, ती वरच्या पट्टीवर लिबरऑफिस नावाच्या मेनूत असते. विंडोज किंवा लिनक्ससाठी लिहिलेले सल्ले वाचताना हे ध्यानात ठेवा. त्या खिडकीत ‘लँग्वेजेस अँड लोकेल्स’ आणि त्याखाली ‘जनरल’ उघडा. ‘डीफॉल्ट लँग्वेजेस फॉर डॉक्युमेंट्स’ या भागात ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’समोर टिक करा आणि भाषा मराठी निवडा. जवळच ‘फॉर द करंट डॉक्युमेंट ओन्ली’ असा पर्याय असतो. तो रिकामा ठेवा, नाहीतर एवढा खटाटोप फक्त उघड्या असलेल्या फायलीपुरता होईल.

यादीत हिंदीही दिसते. लिपी एकच, मग काय फरक पडतो, असं वाटून अनेक जण हिंदीच ठेवतात. फरक पडतो आणि तो डोळ्यांना दिसतो. मराठी छपाईतला ल आणि श हिंदी वळणापेक्षा वेगळा असतो. नोटो सान्स देवनागरीसारख्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात आणि मजकुराची भाषा मराठी असेल तर मराठी वळण आपोआप निवडलं जातं. लिबरऑफिस हे नीट करू शकतं, कारण ५.३ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१७ पासून, अक्षरं जुळवायला ते सर्व संगणकांवर हार्फबझ नावाचं एकच इंजिन वापरतं. त्याआधी मॅकवर वेगळी पद्धत होती. एकच फाइल मॅकवर आणि विंडोजवर वेगळी दिसल्याचे जुने किस्से बरेचसे त्या काळातले आहेत.

आता त्याच खिडकीत ‘लिबरऑफिस रायटर’ (लिखाणाचा भाग) आणि त्याखाली ‘बेसिक फॉन्ट्स (सीटीएल)’ उघडा. सीटीएलची टिक लावलेली नसेल तर हे पान दिसतच नाही, त्यामुळे न दिसल्यास एक पायरी मागे जा. इथे डीफॉल्ट, हेडिंग, लिस्ट वगैरेंसाठी मराठी फॉन्ट आणि आकार द्या. पाश्चात्त्य फॉन्टचं पान वेगळं आहे, तेही भरा. दोन्हीकडे आकडा सारखाच असला पाहिजे असं काही नाही. एकाच आकड्याला काही देवनागरी फॉन्ट इंग्रजीपेक्षा लहान दिसतात, काही थोराड. दोन्ही भाषांचं एक वाक्य छापून पाहा आणि नजरेला सारखं वाटेल तसे आकडे ठेवा.

कोणता फॉन्ट

मॅकमध्ये देवनागरी एमटी, देवनागरी संगम एमएन आणि कोहिनूर देवनागरी हे फॉन्ट आधीच असतात. स्वतःच्या वापरासाठी ते चांगले आहेत. फाइल इतरांना पाठवायची असेल तर मात्र ते टाळा, कारण समोरच्याच्या विंडोजवर ते नसतील आणि तुमची पानं हलतील. अशा वेळी मोफत मिळणारे नोटो, मुक्ता किंवा तिरो देवनागरी मराठी हे फॉन्ट घ्या. तिरो तर खास मराठी वळणांसाठीच वेगळा काढलेला आहे. पुस्तकी मजकुराला मी तोच सुचवेन.

फॉन्टच्या फायलीवर दोनदा क्लिक केलं की फॉन्ट बुक उघडून ती इन्स्टॉल होते. नंतर लिबरऑफिस बंद करून पुन्हा उघडा. तरीही समोरच्याकडे फॉन्ट नसेल ही शंका असेल तर ‘फाइल’ मेनूतल्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘फॉन्ट’च्या टॅबवर जाऊन फॉन्ट फायलीतच समाविष्ट करता येतो. फाइल जड होते, पण रूप टिकतं. आणखी एक खूण ओळखून ठेवा. वरच्या पट्टीवर फॉन्टचं नाव तिरप्या अक्षरांत दिसलं तर तो फॉन्ट तुमच्या मॅकवर नाही आणि जे दिसतं आहे ते बदली फॉन्टमध्ये आहे.

जुन्या काळात युनिकोड (सर्व लिप्यांसाठीची सामायिक संकेतपद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फायलींना मात्र यातलं काहीच लागू होत नाही. त्या फायलींत आतून इंग्रजी अक्षरंच असतात, फक्त चेहरा मराठी असतो. त्या आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्याव्या लागतात. ते झाल्यावर मजकूर ओळीने वाचा. रफार, अर्धा र आणि ऱ्हस्व वेलांटी या तीन जागी रूपांतर सर्वांत जास्त चुकतं.

टाइप करण्याची सोय

सिस्टिम सेटिंग्जमध्ये ‘कीबोर्ड’ उघडा, ‘इनपुट सोर्सेस’समोर ‘एडिट’ दाबा आणि अधिकच्या चिन्हावरून मराठी किंवा देवनागरीचा तुम्हाला जमणारा लेआउट जोडा. भाषा बदलायला कंट्रोल आणि स्पेस, किंवा नव्या कीबोर्डवर पृथ्वीगोलाची कळ. वरच्या पट्टीवर कीबोर्डची आकृती दाखवण्याचा पर्यायही चालू करा. सुरुवातीला ऱ्य आणि ळ शोधायला तिचा फार उपयोग होतो.

स्टाइल्स आणि टेम्पलेट

इथे थोडा धीर धरा, कारण खरी बचत इथेच आहे. परिच्छेद निवडून त्याला हाताने फॉन्ट आणि आकार देणं बंद करा. रायटरमध्ये कमांड आणि टी दाबल्यावर उजवीकडे स्टाइल्सची पट्टी उघडते. इतर संगणकांवर यासाठी एफ११ सांगितलेलं असतं, पण मॅकवर ती कळ सहसा डेस्कटॉप दाखवण्यासाठी राखून ठेवलेली असते.

यादीत ‘डीफॉल्ट पॅरेग्राफ स्टाइल’वर उजवी क्लिक करून ‘एडिट स्टाइल’ उघडा. फॉन्टच्या टॅबवर पाश्चात्त्य आणि सीटीएल अशा दोन्ही जागा दिसतील. दोन्ही भरा. बाकीच्या बहुतेक स्टाइल्स याच स्टाइलवर उभ्या असल्याने बदल खालपर्यंत झिरपतो. मग ‘बॉडी टेक्स्ट’ उघडून ओळींतलं अंतर ठरवा. देवनागरीत वर मात्रा आणि अनुस्वार, खाली उकार आणि जोडाक्षरं असतात, म्हणून इंग्रजीला पुरणारं अंतर मराठीला कमी पडतं. ‘प्रपोर्शनल’ निवडून १२० ते १३० टक्के ठेवा. ‘फिक्स्ड’ निवडू नका. आकडा जरा कमी पडला की त्यात मात्रांचे शेंडे कापले जातात आणि ते छापल्यावरच लक्षात येतं. त्यानंतर ‘हेडिंग १’ आणि ‘हेडिंग २’ ठरवा. शीर्षकं या स्टाइल्समध्ये असतील तर अनुक्रमणिका एका क्लिकमध्ये बनते आणि नॅव्हिगेटर या शीर्षकांच्या यादीतून अख्खं प्रकरण उचलून दुसरीकडे ठेवता येतं.

मनासारखं झालं की ‘फाइल’, ‘टेम्पलेट्स’, ‘सेव्ह अ‍ॅज टेम्पलेट’ या वाटेने जा, नाव द्या आणि ‘सेट अ‍ॅज डीफॉल्ट टेम्पलेट’वर टिक करा. यापुढे प्रत्येक कोरं पान याच मांडणीत उघडेल.

ही शिस्त मोडते ती बहुधा पेस्ट करताना. वेबपानावरून उचललेला मजकूर आपला फॉन्ट, रंग आणि भाषा सोबत घेऊन येतो. म्हणून कमांड, ऑप्शन, शिफ्ट आणि व्ही या चारही कळा एकत्र दाबून मजकूर साधा पेस्ट करा. आधीच बिघडलेला परिच्छेद असेल तर तो निवडून ‘फॉरमॅट’ मेनूतलं ‘क्लिअर डायरेक्ट फॉरमॅटिंग’ वापरा. तो स्टाइलच्या मूळ रूपात परत येतो.

मॅकच्या कळा

लिबरऑफिसबद्दल कुठेही कंट्रोल लिहिलेलं असेल तिथे मॅकवर कमांड वाचायचं आणि ऑल्टच्या जागी ऑप्शन. एफ५सारख्या कळांसाठी बहुतेक मॅकवर एफएन धरावी लागते. शोधून बदलण्याची खिडकी कमांड, ऑप्शन आणि एफने उघडते. लाल गोळ्यावर क्लिक केल्याने फक्त खिडकी बंद होते, लिबरऑफिस मागे चालूच राहतं. नवा फॉन्ट किंवा एक्स्टेंशन टाकल्यावर कमांड आणि क्यूनेच पूर्ण बंद करा.

मराठी शुद्धलेखन तपासणीसाठी लिबरऑफिसच्या एक्स्टेंशनच्या पानावरून मराठी शब्दकोश उतरवता येतो. त्याची फाइल ‘टूल्स’ मेनूतल्या ‘एक्स्टेंशन्स’मधून जोडा. मजकुराची भाषा मराठी असेल तरच तो शब्दकोश वापरला जातो, हे आणखी एक कारण वरचं सेटिंग नीट करण्याचं.

फायली जपणं आणि पाठवणं

लिबरऑफिसची स्वतःची पद्धत म्हणजे ओपन डॉक्युमेंट फॉरमॅट, जो २००६ पासून आयएसओचा मान्य दर्जा आहे. रायटरची फाइल ओडीटी, कॅल्कची (आकडेमोडीचे तक्ते) ओडीएस, इम्प्रेसची (सादरीकरण) ओडीपी. माझा ठाम सल्ला आहे की मूळ प्रत नेहमी याच पद्धतीत ठेवावी आणि कोणी वर्डची फाइल मागितली तर तिची डॉकेक्स प्रत ‘सेव्ह अ‍ॅज’ने काढून पाठवावी. एकच डॉकेक्स फाइल दोन सॉफ्टवेअरमध्ये पुन्हा पुन्हा उघडून जतन करत राहिलात तर तक्ते आणि क्रमांक हळूहळू बिघडत जातात.

वर्डमध्येही देवनागरीचा फॉन्ट वेगळा नोंदलेला असतो. त्यामुळे तुम्ही सीटीएलची जागा नीट भरली असेल तर मराठी फॉन्ट डॉकेक्समध्येही व्यवस्थित पोचतो. उलट दिशेने येणाऱ्या फायलींत कॅलिब्री आणि कँब्रिया हे फॉन्ट असतात. ते मॅकवर नसले तर लिबरऑफिस कार्लिटो आणि कॅलाडिया वापरतं. यांच्या अक्षरांची रुंदी मूळ फॉन्टइतकीच असल्याने इंग्रजी मजकुराच्या ओळी सहसा जागच्या जागी राहतात. हे फॉन्ट लिबरऑफिसच्या पोटात असतात, म्हणून इतर ॲपच्या यादीत ते शोधू नका.

फक्त वाचायला पाठवायचं असेल तर पीडीएफ. ‘एक्स्पोर्ट अ‍ॅज पीडीएफ’च्या खिडकीत हायब्रिड पीडीएफचा पर्याय असतो. तो निवडला तर पीडीएफच्या आत मूळ ओडीटीही बसते. वाचणाऱ्याला साधी पीडीएफ दिसते आणि तुम्हाला तीच फाइल लिबरऑफिसमध्ये उघडून पुढे दुरुस्त करता येते. ही सोय फार कमी लोक वापरतात, याचं मला वाईट वाटतं.

आता सुरक्षिततेचा मुद्दा. पेजेससारख्या मॅकच्या ॲपमध्ये मजकूर आपोआप जतन होतो आणि जुन्या आवृत्त्या मागे जाऊन पाहता येतात. लिबरऑफिस त्या व्यवस्थेत भाग घेत नाही. कमांड आणि एस दाबण्याची सवय ठेवावीच लागते. सेटिंग्जमध्ये ‘लोड/सेव्ह’, ‘जनरल’ इथे जाऊन ऑटोरिकव्हरीचं अंतर ५ मिनिटं करा आणि ‘ऑलवेज क्रिएट बॅकअप कॉपी’ चालू करा. मोठ्या कामात ‘फाइल’ मेनूतलं ‘व्हर्जन्स’ वापरून टप्प्याटप्प्याच्या प्रती त्याच ओडीटीत ठेवता येतात.

कॅल्कबद्दल थोडंसं

सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर-फाइल, उघडताना येणाऱ्या खिडकीत कॅरेक्टर सेट यूटीएफ-८ निवडा, नाहीतर मराठी नावांच्या जागी भलतीच चिन्हं दिसतील. आकडे लाख-कोटीच्या पद्धतीने हवे असतील तर पेशी निवडून कमांड आणि १ दाबा आणि ‘फॉरमॅट कोड’च्या जागी #,##,##0 लिहा. फॉन्टबाबतचे नियम रायटरसारखेच आहेत. इथेही स्टाइल्सच्या पट्टीतल्या ‘डीफॉल्ट’ स्टाइलमध्ये सीटीएल फॉन्ट द्या.

जावा लागतो तो मुख्यतः बेसमधल्या डेटाबेससाठी आणि काही विझार्डसाठी. रायटर, कॅल्क आणि इम्प्रेस त्याशिवाय चालतात. जावा हवाच असेल तर मॅकवर पूर्ण जेडीके (जावाचा संपूर्ण संच) घ्या, आणि लिबरऑफिस ज्या चिपचं आहे त्याच चिपचं घ्या.

अडलं तर

पान सरकवताना पडदा लुकलुकतो किंवा अक्षरांचे तुकडे मागे राहतात, असं झालं तर सेटिंग्जमध्ये ‘लिबरऑफिस’, ‘व्ह्यू’ इथे स्किया या पडद्यावर चित्र उमटवणाऱ्या इंजिनचे पर्याय आहेत. ‘फोर्स स्किया सॉफ्टवेअर रेंडरिंग’ चालू करून लिबरऑफिस पुन्हा उघडा.

फाइल दुसरा कोणी वापरत आहे असा संदेश आला आणि तसं कोणीच नसेल, तर आधीच्या वेळी लिबरऑफिस अचानक बंद पडून कुलपाची फाइल मागे राहिलेली असते. फाइंडरमध्ये त्याच फोल्डरमध्ये कमांड, शिफ्ट आणि पूर्णविराम दाबा. लपलेल्या फायली दिसू लागतात. त्यातली तुमच्या फायलीच्या नावाची, लॉक असं लिहिलेली छोटी फाइल काढून टाका. आयक्लाउडवर ठेवलेली फाइल असेल तर आधी खात्री करा की ती तुमच्याच दुसऱ्या मॅकवर खरोखर उघडी नाही.

कारण न कळता काहीतरी विचित्र वागू लागलं, मेनू गायब झाले किंवा उघडतानाच बंद पडू लागलं, तर संशय प्रोफाइलवर, म्हणजे तुमची सेटिंग्ज साठवणाऱ्या फोल्डरवर, घ्या. ‘हेल्प’ मेनूतून ‘रीस्टार्ट इन सेफ मोड’ करून पाहा. तिथे सगळं ठीक चाललं तर दोष प्रोफाइलमध्येच आहे. तुमच्या लायब्ररी फोल्डरमध्ये ॲप्लिकेशन सपोर्ट, त्यात लिबरऑफिस, त्यात ४ आणि त्यात युजर नावाचं फोल्डर असतं. लायब्ररी लपलेली असते, म्हणून फाइंडरच्या ‘गो’ मेनूवर ऑप्शन धरून ती उघडा. लिबरऑफिस बंद करून युजर फोल्डरचं नाव बदला आणि पुन्हा सुरू करा. नवं कोरं प्रोफाइल तयार होईल. जुनं फोल्डर लगेच पुसू नका. तुमचे टेम्पलेट आणि स्वतः भरलेले शब्दकोश त्यातच आहेत. टेम्पलेट आणि वर्डबुक ही दोन फोल्डर नव्या प्रोफाइलमध्ये उचलून ठेवा, सीटीएलची टिक आणि मराठी भाषा पुन्हा लावा आणि तुमचा टेम्पलेट परत डीफॉल्ट करा.